शनिवारचा नवरा

हेवा करायचा तर त्यालाही काही रीत असते. शेजाऱ्याच्या घोड्याचा करावा, मेहुण्याच्या दुमजली घराचा करावा, फार तर एखाद्याच्या बायकोच्या हातच्या चवीचा करावा. वकील लिअँडर व्हिटफील्ड मात्र पाच वर्षं ज्या गोष्टीचा हेवा करत होता, ती चारचौघांत सांगायची सोयच नव्हती. त्याला हेवा वाटत होता एका माणसाच्या गुलामगिरीचा.

तो माणूस म्हणजे जेप्था मॅबरी. आर्कान्सामधल्या नदीकाठच्या त्या गावात, हॉलंड्स लँडिंगमध्ये, काळ्या लोकांचे दोन वकील होते. एक मॅबरी आणि दुसरा लिअँडर. लिअँडर उत्तरेकडच्या ओहायोत जन्मला तो स्वतंत्रच. बापाचं फर्निचरचं दुकान, घरात पियानो, कॉलेजची पदवी सोनेरी चौकटीत. मॅबरी एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्याच्या मालकीचा होता. मालकाच्या कागदपत्रांत दोन खेचरं आणि एक घड्याळ यांच्या मधोमध त्याचं नाव होतं. आणि तरीही गावात कुणाची गाय जप्त झाली, कुणाच्या मुलाला शिपायांनी धरलं, कुणाचं मत मोजलंच गेलं नाही, की माणसं लिअँडरच्या रंगवलेल्या पाटीखालून सरळ पुढे जायची आणि न्हाव्याच्या दुकानावरचा मॅबरीचा जिना चढायची. पाटीखाली सावली बरी पडते म्हणून घाम पुसायला तेवढी थांबायची.

मॅबरी वकील कसा झाला, ही गोष्ट तर गावात इतक्या वेळा सांगितली जायची की लिअँडरला ती ऐकूनच पित्त व्हायचं. मॅबरीचा मालक स्वतः वकील. जेप त्याच्या कचेरीतली शेगडी पेटवायचा, झाडलोट करायचा. मालकाला आपलं भाषण येरझारा घालत मोठ्याने म्हणून बघायची सवय होती. खोलीत जेप आहे म्हणजे कुणीच नाही, असा त्याचा हिशेब. जेपने सगळं पाठ केलं. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि काही वर्षांनी तोच जेप वकिलीच्या तोंडी परीक्षेला न्यायाधीशांसमोर उभा राहिला. मालमत्तेचं कलम विचारलं, तेव्हा त्याने ते घडाघडा म्हटलं, आणि मधे जिथे मालक खोकायचा तिथे हासुद्धा खोकला. न्यायाधीश हसता हसता खुर्चीतून पडायचा राहिला म्हणतात. तीच परीक्षा लिअँडरनेही दिली होती, एकही चूक न करता. त्याची गोष्ट कुणी कधी सांगितली नाही, कारण ती गोष्ट नव्हतीच.

एकदा मुक्तिदिनाला, एक जानेवारीला, मॅबरीचा घसा बसला म्हणून भाषणाला लिअँडरला उभं केलं. त्याने चाळीस पानं लिहून आणली होती. सुरुवात रोमन कायद्यापासून. दहाव्या पानावर पोरं झोपली. सतराव्या पानावर पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "हा पोरगा कुणाच्या मळ्यावरचा गं?"

"कुणाच्याच नाही. उत्तरेकडचा आहे."

"मग याला काय ठाऊक?" असं म्हणून म्हाताऱ्याने पाय पसरले.

घरी आल्यावर लिअँडरने तीन दिवस तोंड पाडलं. त्याची बायको कॉर्डेलिया इथलीच, मळ्यावर जन्मलेली, स्वातंत्र्य आलं तेव्हा दहा वर्षांची. जीभ अशी की तव्यावर ठेवली तर तवा चरचरावा. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी विकलं नाही याचं इतकं वाईट वाटून घेऊ नका. आता बाजारच बंद झालाय, त्याला कोण काय करणार?"

लिअँडर यावर हसला नाही, कारण तिने बरोबर नेम धरला होता.

त्यातून मॅबरी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तसाही नव्हता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, गळ्यातला टाय कायम एका कानाकडे निघालेला, आणि बोलणं इतकं सावकाश की समोरच्या वकिलाला वाटावं आता हा झोपला. एका शाळामास्तरणीला आगबोटीवर खेचरांच्या शेजारी बसवलं, म्हणून त्याने बोटीवर दावा लावला आणि जिंकला. मतदानाच्या दिवशी बंदुका घेतलेले गोरे घोडेस्वार येणार असं कळलं, तेव्हा हा मतपेटीशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसला, मांडीवर राज्यघटना आणि खिशात उकडलेली अंडी. आणि आता तो रेल्वेवर खटला लढत होता: पहिल्या वर्गाचं तिकीट घेतलेल्या काळ्या माणसाला इंजिनामागच्या धुराच्या डब्यात का कोंबता? खटला राज्याच्या राजधानीत, लिटल रॉकला होता. तिथे जायला तो दर वेळी पहिल्या वर्गाचं तिकीट काढायचा, दर वेळी त्याला धुराच्या डब्यात ढकलायचे, आणि काजळीने माखलेला तो कोट तसाच घालून तो न्यायाधीशासमोर उभा राहायचा. लिअँडरला त्या काजळीचाही हेवा वाटायचा.

अशात १८८५च्या वसंतात आयसम रोवन मेला. रेल्वेच्या आवारात दोन डबे जोडताना मधे चेंगरला. त्याची बायको टेम्पी धुणं धुणारी. तिने कंपनीकडे भरपाई मागितली, तेव्हा कंपनीने पत्र पाठवलं की मयताला कायदेशीर बायको नव्हती. सदर टेम्पी ही त्याने ठेवलेली बाई होती, सबब तिचा हक्क नाही.

पत्र घेऊन टेम्पी मॅबरीकडे गेली. मॅबरीने ते वाचलं, तिला जिन्यावरून हात धरून उतरवलं आणि चक्क लिअँडरच्या कचेरीत घेऊन आला.

"व्हिटफील्डसाहेब, हा खटला तुम्ही लढा. माझी लिटल रॉकची तारीख त्याच आठवड्यात आहे. आणि हे काम तुम्हाला जमेल."

टेम्पी खुर्चीच्या कडेवर टेकली. साबणाने पांढरे पडलेले हात मांडीवर. "पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, वकीलसाहेब. पण आधी ते कागदावरचं पुसा. सत्तावीस वर्षं मी त्याची बायको होते. मला ठेवलेली म्हणतात."

"पुसू, मावशी," लिअँडर म्हणाला. भरलेलं कोर्ट, रेल्वेचा बडा वकील, आणि समोर आपण!

जाता जाता मॅबरी दारात थांबला. "एक करा. एक दुपार तिच्या अंगणात जाऊन बसा. धुणं धुताना ती बोलते, खुर्चीत बसवली की गप्प होते. आणि मी बुधवारी निघतोय, त्याआधी येऊन जा. दोन गोष्टी सांगायच्या आहेत."

"येतो की," लिअँडर म्हणाला, आणि गेला नाही. मुद्दाम नाही गेला. दोन गोष्टी त्याने सांगायच्या, आपण जिंकायचं, आणि गाव म्हणणार की डोकं मॅबरीचं होतं! टेम्पीच्या अंगणातही गेला नाही, कारण ती कल्पना मॅबरीची होती. त्याने तिला पुन्हा कचेरीत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि यादीतले प्रश्न विचारले. लग्न कधी? अठराशे अठ्ठावन्नला. कुणी लावलं? मळ्यावरच्या पाद्र्याने. साक्षीदार? मेले. मग युद्धानंतर पुन्हा नोंदवून का नाही घेतलं?

"एकदा लागलं होतं की," टेम्पी म्हणाली. "पुन्हा लावलं असतं तर लोक म्हणाले असते, पहिलं खोटं होतं."

लिअँडरला हे उत्तर फार आवडलं. गुलामांची लग्नं पूर्वी कायद्यात धरलीच जात नसत, म्हणून युद्धानंतर राज्याने कायदाच केला होता: कायदा झाला त्या दिवशी जे माजी गुलाम नवरा-बायको म्हणून एकत्र राहत असतील, ते कायद्याने नवरा-बायको. त्याने ते कलम अधोरेखित केलं आणि भाषणाची तालीम सुरू केली.

कोर्टाच्या दिवशी गाव लोटलं. खाली बाकं भरली, माडी भरली. ज्युरीत बारा जण, पाच काळे, सात गोरे. रेल्वेचा वकील कर्नल डूप्री उठला, अदबीने टेम्पीसमोर झुकला आणि तीनच प्रश्न विचारले.

"तो कायदा झाला त्या फेब्रुवारीत तुम्ही कुठे राहत होता, बाई?"

"हॉलंडच्या मळ्यावर."

"आणि आयसम?"

"गेन्सच्या मळ्यावर."

"मधे अंतर?"

"सात मैल."

कर्नल ज्युरीकडे वळला. "सात मैल, सद्गृहस्थहो. एका छपराखाली म्हणवत नाही."

लिअँडर उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या, हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हताच. त्याच्या ओळखीचे सगळे नवरे संध्याकाळी घरी यायचे. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी दिली, म्हणून अब्रू तेवढी तासाभरासाठी वाचली.

"तुम्ही मला हे सांगितलं का नाही?" बाहेर आल्यावर तो टेम्पीवर खेकसला.

"तुम्ही विचारलं नाही. आणि त्यात सांगायचं काय? अर्ध्या गावाचं तसंच होतं."

कोर्टाच्या आवारातल्या बकाणनिंबाखाली कॉर्डेलिया मक्याची भाकरी आणि तळलेला मासा घेऊन बसली होती. तिच्याशेजारी, सकाळच्या गाडीने आलेला, कोटावर काजळी, मॅबरी खात होता. या माणसापुढे आज, या वेळी, हात पसरायचा! पण झाडाखाली टेम्पीही येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या हातात अजून कंपनीचं ते पत्र होतं.

"दादा," तो म्हणाला, "मी बुधवारी यायला हवं होतं."

"हो," मॅबरी म्हणाला. "बसा. मासा गार होतोय."

मग त्याने सांगितलं. नवरा एका मालकाचा, बायको दुसऱ्याची, असे कितीतरी होते. शनिवारी रात्री मालकाची चिठ्ठी घेऊन चालत जायचं, सोमवारी उजाडायच्या आत परतायचं. स्वातंत्र्य आल्यावरही पहिलं वर्षभर तसंच, कारण दोघांचे दोन मळ्यांवर वर्षाचे करार, आणि करार मोडला की तुरुंग. "कपड्यांचं विचारा," मॅबरी म्हणाला. "बाप्या आठवड्याचे मळके कपडे गाठोड्यात बांधून न्यायचा आणि धुतलेले घेऊन यायचा. ज्या घरी तुमचे कपडे धुतले जातात ते तुमचं घर. आमच्याकडे दुसरी नोंदवही नव्हती."

"पण टेम्पीमावशीच्या शब्दावर ज्युरी नाही विसंबणार. साक्षीदार हवा. ती वाट चाललेला कुणीतरी," लिअँडर म्हणाला.

मॅबरीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आयसम आणि मी तीन वर्षं बरोबर चाललो ती वाट."

"मग तुम्हीच या ना साक्षीला!"

"त्या कोर्टात मी पंधरा वर्षं उभा राहून बोलतोय, वकीलसाहेब. त्या खुर्चीत बसलो की पुन्हा जेप होईन." त्याने टेम्पीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "बसेन. तीनच गोष्टी विचारा. वाट, चिठ्ठी, कपडे. पुढे नाही."

"शब्द देतो," लिअँडर म्हणाला. कॉर्डेलियाने ते ऐकलं.

सुट्टीनंतर मॅबरी साक्षीदाराच्या खुर्चीत बसला, तेव्हा माडीवर कुजबूज झाली आणि थांबली. लिअँडरने वाट विचारली. मॅबरीने सांगितली: ओढा, पडकं गिरणीघर, कुत्री असलेलं घर. चिठ्ठीवर काय लिहिलेलं असायचं?

"'आयसम यास त्याच्या बायकोकडे जाऊ द्यावे. शनिवार रात्र ते सोमवार पहाट.' खाली मालकाची सही. पुढे चिठ्ठ्या गेल्या, करार आले, वाट तीच राहिली. करार संपला त्याच दिवशी आयसम स्वतःची चूलभांडी डोक्यावर घेऊन तिच्याकडे कायमचा राहायला गेला."

"आणि कपडे?"

मॅबरीने कपड्यांचं सांगितलं, आणि मागच्या बाकांवरच्या बायका न्यायाधीशांना न जुमानता बोलायला लागल्या. "अगदी खरं!" "माझ्या बापाचं गाठोडं मीच सोडायची!" ज्युरीतला एक म्हातारा गोरा, पूर्वी मळ्यावर मुकादम होता, तो मान हलवत होता. असल्या चिठ्ठ्या त्याने शेकड्यांनी तपासल्या असणार. कर्नल डूप्रीने आपले कागद एकावर एक रचले आणि चष्मा मिटून ठेवला. खटला जिंकला होता. लिअँडरला ते स्पष्ट दिसलं.

त्याला आणखीही काहीतरी दिसलं. सगळं कोर्ट खुर्चीतल्या माणसाकडे बघत होतं. माडी, ज्युरी, न्यायाधीश, कारकून, सगळे. खटला लिअँडरचा, प्रश्न लिअँडरचे, जिंकला लिअँडर, आणि त्याच्याकडे बघणारं कोर्टात एक माणूस नव्हतं. इथेही हाच! साक्षीदाराच्या खुर्चीत बसूनसुद्धा हाच! पाच वर्षांचा हेवा प्रश्न होऊन तोंडातून बाहेर पडला.

"आणि मिस्टर मॅबरी, तुम्ही त्या वाटेने कुणाकडे जात होता?"

मॅबरीने त्याच्याकडे पाहिलं. शपथ घेतलेली होती.

"साबराकडे. माझ्या बायकोकडे."

मॅबरीच्या तोंडून गावाने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. एवढी भाषणं, एवढे मुक्तिदिन, त्यात हे नाव कधी आलं नव्हतं. लिअँडरने तिथे तरी थांबावं ना! पण उतारावर सुटलेली गाडी ती.

"त्या आता कुठे आहेत?"

"माहीत नाही." मॅबरीचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. "अठराशे साठ. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. मी गाठोडं घेऊन गेलो. खोपटाचं दार उघडं होतं. गुरुवारी व्यापारी येऊन गेला होता, ते मला शेजाऱ्यांनी सांगितलं. दोरीवर माझा सदरा होता, मागच्या आठवड्याचा. तिने धुवून वाळत घातला होता. मी रविवारभर आत बसलो. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून मळके कपडे तसेच घेऊन परत आलो. सदरा दोरीवरच ठेवला. ती परत आली तर तिला कळावं, की मी अजून यायचाय."

त्याने कारकुनाकडे पाहिलं. "लिहिलंत? वीस वर्षं मी तिच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देतोय. तेही लिहा."

कर्नलने उलटतपासणी घेतली नाही. ज्युरी आत गेली आणि लोकांनी पाय मोकळे करायच्या आत बाहेर आली. निकाल टेम्पीच्या बाजूने. तिने हात वर करून विचारलं की तो 'कायदेशीर पत्नी' असं लिहिलेला भाग पुन्हा एकदा वाचता का, आणि न्यायाधीशांनी तो स्वतः वाचला. कंपनीचं पत्र तिने चार तुकडे करून तिथेच जमिनीवर टाकलं.

मग गर्दी लिअँडरवर कोसळली. पाच वर्षांत पहिल्यांदाच! कुणी पाठ थोपटत होतं, कुणी हात सोडत नव्हतं. "शेवटचा तो प्रश्न, वकीलसाहेब! काय प्रश्न होता!" "सगळी ज्युरी रडली हो!" "सुचलं कसं तुम्हाला?" कर्नल डूप्रीही येऊन हात मिळवून गेला. "मला विचारवला नसता तो," एवढंच म्हणाला. लिअँडर हसत होता, मान झुकवत होता, आणि कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हता.

कॉर्डेलिया हसत नव्हती. "तीन म्हणाले होते ना ते?" तिने हळूच विचारलं. "जा, आधी त्यांच्याकडे जा. या लोकांना मी बघते."

मॅबरी कोर्टाच्या मागच्या पंपाशी होता. टोपी कट्ट्यावर, चेहरा ओला, आणि दोऱ्याने बांधलेला चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. लिअँडर दोन पावलं लांब थांबला.

"कपड्यांपाशीच तुम्ही जिंकला होतात," मॅबरी वर न बघता म्हणाला.

"हो."

"तुम्हाला ते कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. ज्युरीसाठी विचारलं, टेम्पीसाठी विचारलं, असलं काहीही म्हणता आलं असतं, आणि गावाने ते आधीच मान्य केलेलं होतं.

"कळलं होतं."

"मग?"

"मला तुमचा हेवा वाटतो, दादा. मी इथे आलो त्या दिवसापासून."

मॅबरीने चष्मा डोळ्यांवर चढवला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर लिअँडरला मान खाली घालून ऐकून घेता आलं असतं.

"कशाचा?" त्याने विचारलं.

टोमणा नव्हता तो. साक्षीदाराला विचारावं तसं त्याने विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. लिअँडरने तोंड उघडलं. तो जिना, ती भाषणं, तो मालकाचा खोकला, कोटावरची काजळी, सगळं जिभेपर्यंत आलं आणि एकही गोष्ट बाहेर काढण्याजोगी वाटेना.

तेवढ्यात इमारतीच्या पलीकडून, गर्दीच्या वरून, कॉर्डेलियाची हाक आली. "अहो! झालं का बोलून? घरी येताय ना?"

मॅबरीने ती ऐकली. हाक आली त्या दिशेला तो क्षणभर बघत राहिला, मग त्याने कट्ट्यावरची टोपी उचलली.

"जा," तो म्हणाला. "बोलावतायत तुम्हाला."